रुंद टायर आणि सॉफ्ट कंपाउंडचा टायर

साताऱ्यात पोवई नाक्यावरच्या कुठल्याही टायरच्या दुकानात जा आणि सांगा की वर्षातून दोनतीनदा गाडी ट्रॅकवर नेतो, चांगले टायर बघायचेत. पुढचं वाक्य ठरलेलं: "ट्रॅकवर नेताय व्हय? मग २०५ टाका की. रुंद टायर, जास्त ग्रिप." काउंटरपलीकडचा माणूस हे खोटं म्हणून सांगत नाही, त्यालाही ते मनापासून तसंच वाटतं. आमच्या कऱ्हाडच्या, वाईच्या, सांगलीच्या मित्रांनाही तसंच वाटतं. वीसेक हजार रुपये रुंदीवर घालून, कंपाउंड, म्हणजे टायरच्या रबराचं मिश्रण, तेच मायलेजवालं, जास्त टिकणारं ठेवून ही मंडळी कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर जातात आणि पहिल्याच वळणाला गाडी पुरती न वळता नाक बाहेर काढते. मग दोष सस्पेन्शनला.

टायरच्या कडेवरचे आकडे तुम्हाला वाचता येतात, म्हणून ते उरकतो. १८५/६५ आर १५ ८८एच म्हणजे १८५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ६५ टक्के उंचीची बाजू, १५ इंची रिम, टायरमागे ५६० किलो भार आणि ताशी २१० किलोमीटर वेगाची मर्यादा. या सगळ्या ओळीत टायरच्या रबराबद्दल एक अक्षरही नाही. दुकानात चर्चा मात्र याच ओळीवर सुरू होते आणि तिथंच संपते.

आता रुंदीचं बघू. तिसऱ्या पिढीतली स्विफ्ट घेऊ, कारण आपल्याकडे ट्रॅकवर जाणाऱ्या नवख्यांत तीच जास्त दिसते. गाडी नऊशे किलोच्या आसपास, चालवणारा धरून पुढच्या एका चाकावर साधारण २९० किलो. हवा ३२ पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. २९० ला सव्वादोननं भागा. उत्तर १२९ चौरस सेंटिमीटर येतं, जेमतेम आपल्या हाताच्या पंजाएवढं. टायरची जमिनीला टेकलेली जागा, म्हणजे त्याचा ठसा, साधारण एवढाच असतो. बाजूंच्या कडकपणामुळं थोडा फरक पडतो, पण हिशोबाचा गाभा वजन आणि हवा हाच. त्या भागाकारात टायरची रुंदी कुठंच आली नाही.

मग १८५ च्या जागी २०५ घातला आणि हवा तीच ठेवली तर काय होतं? ठशाचा आकार बदलतो. समजा आधी ठसा १३ सेंटिमीटर रुंद आणि १० लांब होता. आता तो साडेचौदा रुंद आणि ९ लांब झाला. गुणाकार करून बघा, क्षेत्रफळ जवळपास तेवढंच. ज्यांना पटत नाही त्यांनी घरीच करावं: गाडी जॅकवर घ्या, टायरला ओला चुना फासा, खाली पुठ्ठा ठेवा आणि गाडी सावकाश उतरवा. दोन्ही टायरांचे ठसे शेजारीशेजारी ठेवून पट्टीनं मोजा. या एका पुठ्ठ्यानं माझे जेवढे वाद मिटलेत तेवढे बोलून कधी मिटले नाहीत.

रुंदीचा उपयोगच नाही असं मी म्हणत नाही. आडवा, आखूड ठसा वळणात लवकर जोर धरतो, स्टेअरिंग फिरवलं की गाडीचं उत्तर ताबडतोब येतं. जास्त रबरावर उष्णता पसरते, त्यामुळं लागोपाठच्या फेऱ्यांत टायर उशिरा तापून ढिला पडतो. शिवाय रुंद टायरला थोडी कमी हवा चालते, आणि रबराचा स्वभाव असा की दर चौरस सेंटिमीटरला दाब कमी तर पकड किंचित जास्त. हे फायदे खरे आहेत, पण ते चांगल्या रबरावर चढवायचे मजले आहेत. मायलेजसाठी बनवलेलं टणक रबर २० मिलिमीटर रुंद केलं तरी टणकच राहतं.

पकड येते ती कंपाउंडमधून. मऊ रबर डांबराच्या बारीक खडबडीत शिरतं, खडीच्या टोकांवर दबतं, आणि सुटताना सगळी ऊर्जा परत देत नाही. हा जो अडकण्याचा आणि ऊर्जा गिळण्याचा गुण आहे, त्यावरच गाडी वळणात टिकते. प्रत्येक कंपाउंडची आवडती तापमानाची पट्टी असते. रोजच्या टायरची पट्टी अशी ठेवलेली असते की सकाळी थंड असतानाही तो बरा धरतो. सेमी-स्लिकला, म्हणजे ट्रॅकसाठीच्या कमी खाचांच्या मऊ टायरला, आधी तापवावं लागतं. यवतेश्वरच्या घाटात पहाटे थंड सेमी-स्लिकवर जाणं म्हणजे चांगल्या साध्या टायरपेक्षा कमी पकड घेऊन जाणं. आणि घाट शर्यतीसाठी नाहीच. तिथं समोरून एसटी येते, दुधाची गाडी येते, शाळेची पोरं असतात. जोर काढायचा तो ट्रॅकवर.

इथंच दुसरा एक घोळ मला नेहमी भेटतो. 'सॉफ्ट टायर' म्हटलं की लोक अंगठ्यानं बाजू दाबून बघतात, किंवा हवा कमी करून 'सॉफ्ट केला' म्हणतात. बाजूची लवचिकता, हवेचा दाब आणि कंपाउंडचा मऊपणा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपाउंड अंगठ्याला कळत नाही.

ते ओळखायला टायरच्या कडेवरचा ट्रेडवेअरचा, म्हणजे झिजेचा, आकडा थोडी मदत करतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरांवर तो असतोच, आपल्याकडे येणाऱ्या बऱ्याच आयात टायरांवरही सापडतो. टेक्ससमधल्या ठरलेल्या रस्त्यावर ७,२०० मैल पळवून झीज मोजतात, आणि आकडा कंपनी स्वतःच जाहीर करते. टोयो आर८८८आर वर १००, योकोहामा अडव्हान ए०५२ वर २००, मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस वर ३००. मायलेजवाल्यांवर ४०० च्या पुढं. तो झिजेचा आकडा आहे, पकडीचा नाही, त्यामुळं दोन वेगळ्या कंपन्यांच्या २०० ची तुलना करू नका. एकाच कंपनीच्या टायरांत मात्र आकडा उतरला की रबर बहुधा चिकट होत जातं.

मग घ्यायचं काय? माझं मत पक्कं आहे. आपल्या मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनी जो साइज देते तिथंच थांबा. या स्विफ्टच्या खालच्या व्हेरिएंटला १६५/८० आर १४ आणि वरच्याला १८५/६५ आर १५ यायचा, दोन्हींच्या एकूण व्यासात दोनच मिलिमीटरचा फरक आहे, म्हणजे स्पीडोमीटरही बिघडत नाही. उरलेले सगळे पैसे कंपाउंडवर घाला. रोज ऑफिसला जाणारी आणि वर्षातून तीनदा ट्रॅक बघणारी गाडी असेल तर परफॉर्मन्स वर्गातला रस्त्याचा टायर पुरे. १५ इंचात असे टायर कमी मिळतात, १६ मध्ये जास्त, हे खरं. १९५/५५ आर १६ चा व्यास जवळपास तोच येतो, पण रिम जड घेतलीत तर कमावलेलं तिथंच घालवाल. आणि रिमवर कोरलेली रुंदी वाचल्याशिवाय २०५ कधीच घेऊ नका. पाच इंची रिमवर २०५ कोंबला की बाजू फुगतात आणि वळणात टायर रिमवर डोलतो. दिसायला गाडी भरलेली दिसते, तेवढंच.

सेमी-स्लिक घ्यायचे तर वेगळ्या रिमवर, दुसरा सेट म्हणून. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जुलैत केळघर घाटात किंवा कासच्या रस्त्यावर पाणी वाहत असताना कमी खाचांचा टायर पाण्यावर तरंगतो. रुंद असेल तर आणखी लवकर, कारण आखूड ठशाला पाणी बाजूला सारायला वेळच कमी मिळतो.

हवेबद्दल एकच गोष्ट, कारण सातारला परतताना हजार किलोमीटरहून जास्त रस्ता याच टायरांवर कापायचा असतो. सकाळी ३० अंशाला भरलेली ३२ हवा टायर ६० अंशाला गेला की साडेछत्तीसच्या वर जाते. ट्रॅकवर आपण ती सोडून परत ३२ करतो, आणि तिथं ते बरोबरच असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरमध्ये जेमतेम २८ उरलेली असते. सामान, डिकीतली अवजारं, मागच्या सीटवर दोन मित्र, आणि हायवेवर दिवसभर तापलेला रस्ता. कोइम्बतूर सोडण्याआधी, टायर थंड असतानाच, गेज लावून हवा दरवाज्यावरच्या स्टिकरप्रमाणे भरून घ्या.