ग्रॅव्हल सायकल : चिखलासाठी चाकाचे व टायरचे माप

ग्रॅव्हल सायकल म्हणजे शर्यतीच्या सायकलसारखे वाकडे हँडल असलेली, पण खडी-मुरमाच्या कच्च्या रस्त्यांसाठी रुंद टायर घेणारी सायकल. तिच्या चाकांची दोन मापे प्रचलित आहेत : ७००सी आणि ६५०बी. ही नावे फसवी आहेत. रिमवर टायरची कड जिथे बसते तो व्यास खरा; ७००सीचा ६२२ मिमी, ६५०बीचा ५८४ मिमी. टायरवर ‘४०-६२२’ असे (आधी टायरची रुंदी, मग हा व्यास, दोन्ही मिमीत) छापलेले असते, ते पाहून टायर घ्यावा. आपल्याकडच्या जुन्या काळ्या २८ इंची सायकलचा हाच व्यास ६३५ मिमी असतो, त्यामुळे तिचा टायर इथे बसत नाही.

चिखलाला टायर अरुंद हवा की रुंद, हा जुना वाद. पातळ चिखलाखाली टणक जमीन असेल तर अरुंद टायर चिखल कापत खाली पोचतो. सायक्लोक्रॉस, म्हणजे चिखल-गवतातल्या छोट्या फेऱ्यांच्या शर्यतींत तर यूसीआय या जागतिक सायकल महासंघाच्या नियमाने ३३ मिमीच्या वर जाताच येत नाही. तळ मऊ असेल तर रुंद टायर, हवा थोडी कमी ठेवून, कमी रुततो. चिकणमातीत मात्र टायर आणि फ्रेम यांच्यातली फटच सगळे ठरवते. मागच्या चाकालगतच्या दोन नळ्यांमध्ये ५४ मिमी जागा आहे असे धरा. ४५चा टायर घातला तर दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार मिमी उरतात, ३८चा घातला तर आठ-आठ. मातीत गवत आणि बारीक खडे कालवले गेले की साडेचार मिमी बुजायला वेळ लागत नाही. त्यात रुंद रिमवर ४०चा टायर ४२ भरू शकतो, मोजूनच घ्यावा.

६५०बीवर ४७चा टायर चढवला तर सायकल ७००सीवरच्या ४०च्या टायरपेक्षा १२ मिमी खाली बसते आणि खोल चाकोरीत पेडल घासते. चिखलासाठी ७००सीवर ३५ ते ४० मिमीचा, विरळ उंचवट्यांचा टायर बरा.

अमेरिकेत कॅन्ससमधल्या एम्पोरियाजवळ होणाऱ्या ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ शर्यतीत २०२३ साली सुरुवातीलाच असा चिखल लागला. तिकडे त्याला ‘पीनट बटर’ म्हणतात. फ्रेममधली माती खरवडायला कित्येकांनी रंग ढवळायच्या लाकडी पट्ट्या खिशात ठेवल्या होत्या. तरीही अनेकांना सायकल खांद्यावर घ्यावी लागली. चाक रेटत राहिलेल्यांपैकी काहींचे डिरेलर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) मोडले. मराठवाडा-विदर्भातली काळी मातीही अशीच वागते, ओली झाली की चपलेवर थरावर थर चढतात. तिथे ३३ काय नि ४५ काय, कडेच्या गवतावरून सायकल उचलून नेलेली बरी.