चाळीस तास न उतरणारं विमान आणि त्याचं बिल

२३ मार्च २०२४ ला आयएनएस कोलकाता मुंबईत आली तेव्हा तिच्यावर ३५ सोमाली चाचे होते, नेव्हीने त्यांना मुंबई पोलिसांच्या ताब्यात दिलं. एमव्ही रुएन नावाचं मालवाहू जहाज त्यांनी आदल्या डिसेंबरमध्ये पळवलं होतं आणि आपल्या किनाऱ्यापासून साधारण २६०० किलोमीटरवर, ४० तासांच्या कारवाईनंतर नेव्हीने ते सोडवलं, १७ खलाशी सुखरूप सुटले. बातम्यांमध्ये सगळा भर विमानातून समुद्रात उड्या टाकलेल्या मार्कोस कमांडोंवर होता आणि तो असायलाच हवा, पण नेव्हीने दिलेल्या माहितीत एक शब्द अगदी ओझरता आला होता, हेल आरपीए. म्हणजे खूप उंचावर खूप वेळ थांबणारं, जमिनीवरून चालवायचं विमान. युद्धनौकेवरून सोडलेला छोटा ड्रोन चाच्यांनी गोळ्या घालून पाडला होता, पण हे मोठं विमान ज्या उंचीवरून काम करू शकतं तिथे रायफलची गोळी पोचतच नाही.

नेव्हीने २०२० मध्ये असे दोन एमक्यू-९बी भाड्याने घेतले होते, तमिळनाडूत अरक्कोणमच्या तळावरून उडायचे. त्यातला एक सप्टेंबर २०२४ मध्ये बिघाड होऊन बंगालच्या उपसागरात उतरवावा लागला. आणि पुढच्याच महिन्यात, १५ ऑक्टोबरला, आपण असेच ३१ विकत घ्यायचा करार केला, १५ नेव्हीला, ८ आर्मीला आणि ८ एअर फोर्सला, एकूण अंदाजे ३२ हजार कोटी. म्हणजे पावणेदोन अटल सेतू.

एवढे पैसे कशाचे ते समजून घ्यायचं तर आधी हे विमान इतका वेळ वर राहतं कसं ते बघू. पंखांचं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर २४ मीटर, बेस्टच्या दोन मोठ्या बस एकामागे एक लावल्या तर जेवढं होईल तेवढं, पण पंख रुंदीला अगदी चिंचोळे. पंखाखालची जास्त दाबाची हवा टोकाकडून वर पळायला बघते आणि तिथे भोवरे होतात, त्या भोवऱ्यांत इंजिनची ताकद फुकट जाते. पंख लांब आणि चिंचोळा केला की हे नुकसान खूप कमी होतं. वर हे विमान सावकाश उडतं, आत माणूस नाही त्यामुळे खुर्ची नको, ऑक्सिजन नको, टॉयलेट नको, ते सगळं वजन इंधनाला मिळतं. पूर्ण भरलेलं विमान ५,६७० किलो, त्यातलं इंधनच २,७०० किलोच्या आसपास, जवळजवळ निम्मं! हे चाळीस तास वर राहू शकतं, त्या चाळीसने भागा, तासाला ७० किलोसुद्धा होत नाही. नेव्हीचं समुद्रावर पाळत ठेवणारं पी-८आय ज्या बोइंग ७३७ वर बनलंय तसलं विमान तासाला दोन-अडीच टन पितं. अर्थात चाळीस तास हा आकडा पंखाखाली काही न लटकवता, क्षेपणास्त्रं नाहीतर जास्तीची उपकरणं लावली की तास भराभर कमी होतात.

आता उंची. हे ४० हजार फुटांपर्यंत जातं, म्हणजे साधारण १२ किलोमीटर, आणि तिथून क्षितिज जवळपास ३९० किलोमीटरवर असतं. मुंबईच्या डोक्यावर असेल तर खाली मालवण आणि तिकडे वेरावळ, दोन्ही क्षितिजाच्या आत. पण क्षितिजाच्या आत असणं आणि दिसणं यात फरक आहे. कॅमेरा जवळून दाखवायला लागला की कागदाच्या पुंगळीतून बघितल्यासारखं होतं, एक बोट स्पष्ट, बाकी समुद्र गायब. आणि जुलैतला आपला पाऊस आठवा, वरळी सी फेसवर उभं राहून सी लिंक दिसत नाही असे दिवस असतात, तेव्हा तिथे साधा काय आणि इन्फ्रारेड काय, दाट ढगातून कुठलाच कॅमेरा बघू शकत नाही. तिथे रडार लागतं.

ह्या रडारचीच गोष्ट मला सगळ्यात आवडते. माझ्या शाळेतल्या एका मित्राचे वडील वर्सोव्याला तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे कप्तान होते. ते सांगायचे, लांबची बोट कुठली ते तिच्या डोलकाठीवरून कळतं, म्हणजे काठीचं टोक लाटेवर कसं डोलतं त्यावरून, जड बोट सावकाश झुलते, हलकी बोट झटके खाते. समुद्रावर वापरायच्या रडारमध्ये इन्व्हर्स सिंथेटिक अपर्चर नावाची एक पद्धत असते, ती बरोबर ह्याच डोलण्यावर चालते. बोट एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर झुकते तेव्हा काठीचं टोक जोरात सरकतं, मधला भाग त्याहून कमी आणि तळ जवळजवळ नाहीच. रडारकडे सरकणाऱ्या भागावरून परत आलेल्या लहरीची फ्रिक्वेन्सी थोडी वाढते, लांब जाणाऱ्याची थोडी कमी होते, लोकल हॉर्न वाजवत फलाटावरून निघून जाते तेव्हा आवाज उतरतो ना, तेच. ह्या बारीक फरकांतून कॉम्प्युटर कुठला भाग किती उंच ते काढतो आणि रात्री, ढगांतून, शेकडो किलोमीटरवरच्या जहाजाची बाह्याकृती पडद्यावर उभी करतो. समुद्र जेवढा हलवेल तेवढं चित्र मिळणार, शांत पाण्यात उलट कमी मिळतं. तांडेलकाका जे डोळ्याने करत होते तेच गणिताने केलंय, मला हे ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

तर पैसे. ३२ हजार कोटीला ३१ ने भागून एक ड्रोन हजार कोटीचा असं सरळ म्हणू नका, त्यात जमिनीवरची कंट्रोल स्टेशनं, शस्त्रं, देखभाल हे सगळं आलं. पण खरी मेख रोजच्या खर्चात आहे. एका जागेवर चोवीस तास डोळा ठेवायचा तर एक विमान पुरत नाही, एक तिथे, एक जाताना किंवा येताना, एक दुरुस्तीला, लोकलला कारशेडमधल्या गाड्या लागतात तसंच. आणि मानवरहित म्हणतात तरी माणसं प्रचंड लागतात. अमेरिकन हवाई दलाचा २०११ च्या सुमाराचा हिशोब होता की असला एक ड्रोन चोवीस तास कामावर ठेवायला दीडशेहून जास्त लोक लागतात, पायलट, कॅमेरावाले, मेकॅनिक आणि सगळ्यात जास्त म्हणजे येणारी चित्रं बघत बसणारे. शिवाय सॅटेलाइट, कारण लांब गेलेल्या विमानाशी बोलणं त्याच्यामार्फतच होतं. तो ३६ हजार किलोमीटर वर, हुकूम वर जाऊन खाली येणार, चित्र परत तसंच येणार, एकूण १ लाख ४४ हजार किलोमीटर, प्रकाशाच्या वेगानेसुद्धा जवळजवळ अर्धा सेकंद, आणि त्यात व्हिडिओ गुंडाळायचा-उलगडायचा वेळ वेगळा. म्हणूनच उतरताना लांबून कोणी हाताने चालवत बसत नाही, नव्या विमानांत ते काम विमानाचा कॉम्प्युटर स्वतः करतो. सॅटेलाइटचा तो जाडजूड चॅनेल फुकट मिळत नाही हे वेगळं सांगायला नको.

माणूस काढला की स्वस्त होतं ही समजूत अमेरिकेतच मोडली. त्यांचा ग्लोबल हॉक नावाचा ड्रोन पंखाने ४० मीटर, ६० हजार फुटांवर तीस तासांच्या वर राहणारा, २००१ मध्ये कॅलिफोर्नियातून निघून पॅसिफिक ओलांडून थेट ऑस्ट्रेलियात उतरला होता. त्याची एक आवृत्ती २०१२ मध्ये पेंटागॉन बंद करायला निघालं, कारण १९५५ मध्ये पहिल्यांदा उडालेलं, आत पायलट बसणारं यू-२ हे हेरगिरीचं विमान त्यांना जास्त परवडत होतं. त्यांच्या संसदेने ते होऊ दिलं नाही ही गोष्ट वेगळी.

आणि हा हळू उडणारा मोठा पक्षी क्षेपणास्त्रासमोर टिकत नाही. जून २०१९ मध्ये इराणने होर्मुझजवळ ग्लोबल हॉकचा नेव्हीवाला भाऊ पाडला, किंमत दहा कोटी डॉलरच्या वर. २०२५ मध्ये येमेनच्या हुथी बंडखोरांनी सहा आठवड्यांच्या आत ह्याच घराण्यातले अमेरिकेचे सात एमक्यू-९ पाडले, वीस कोटी डॉलर समुद्रात गेले. त्यामुळे माझं मत असं की समोर हवाई संरक्षण तगडं असेल तिथे ह्याचा भरवसा धरू नये, पण अरबी समुद्रासारख्या मोकळ्या पाण्यावर, जिथे प्रश्न कोण कुठे चाललाय हा आहे, तिथे ह्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. २००८ ला आपल्याकडे अतिरेकी आले ते कुबेर नावाच्या पळवलेल्या मासेमारी बोटीतून आले, हजारो बोटींमधली एक.

आणि तिथेच अडचण आहे, कारण वरून बोट दिसली तरी ती आपल्या कोळ्यांची की दुसऱ्या कोणाची हे बोटीनेच सांगितलं तर लवकर कळतं. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला एक योजना सुरू झाली, मासेमारीच्या १ लाख बोटींवर इस्रोने तयार केलेले ट्रान्सपाँडर, म्हणजे बोट कुठली आणि कुठे आहे ते कळवणारे डबे बसवायचे, खर्च साधारण ३६० कोटी. भागिले ३१ वाल्या हिशोबाने एका ड्रोनच्या जवळपास एक तृतीयांश पैशात. ओळखीच्या बोटी जेवढ्या बाजूला निघतील तेवढी ड्रोनला शोधायची गर्दी कमी होते. नवे ड्रोन २०२९ पासून यायचे आहेत, तोवर वर्सोव्याच्या, मढच्या, ससून डॉकच्या प्रत्येक बोटीवर तो डबा लागलेला असावा असं मला मनापासून वाटतं.