फटीतलं मीठ

स्कूबा डायव्हिंग करणाऱ्या अनेकांचा समज असतो की पाण्याबाहेर आल्यावर सामान नळाखाली खळखळून धुतलं की झालं. वरून सगळं लख्ख दिसतं, म्हणून हा समज टिकून राहतो. त्रास देणारं मीठ मात्र वर नसतंच. ते असतं रेग्युलेटरच्या, म्हणजे टाकीतली हवा तोंडापर्यंत पोचवणाऱ्या यंत्राच्या बटणाखाली, झडपेच्या कडेला, वेटसूटच्या, म्हणजे डायव्हिंगच्या रबरी पोशाखाच्या चेनच्या दातांत.

समुद्राच्या १ लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. नळाची धार कितीही जोरात सोडा, अरुंद फटीतलं पाणी जवळजवळ जागचं हलत नाही. तिथले आयन, म्हणजे क्षारांचे विद्युतभारित कण, बाहेर येतात ते विसरणाने, म्हणजे पाण्याच्या रेणूंचे धक्के खात, भरकटत. या भरकटण्याचं गणित मला विलक्षण सुंदर वाटतं. सरळ चालणाऱ्याला दुप्पट अंतरासाठी दुप्पट वेळ लागतो, भरकटणाऱ्याला चौपट! अंतराच्या वर्गाला विसरण गुणांकाने भागलं की वेळेचा अंदाज येतो. पाण्यातल्या मिठासाठी हा गुणांक सेकंदाला सुमारे १.५ × १०⁻⁹ चौरस मीटर. म्हणजे फट १ मिलिमीटर खोल असेल तर ११ मिनिटं, ३ मिलिमीटर असेल तर दीड तासाहून जास्त, आणि १ सेंटिमीटर असेल तर तब्बल १८ तास. नळाखालच्या अर्ध्या मिनिटात काय होणार?

म्हणून सामान ओलं असतानाच गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचं. पाणी कोमट असेल तर विसरण वेगाने होतं. अधूनमधून सामान हलवलं तर फटीतलं पाणीच बदलतं आणि वर्गाच्या नियमातून बरीच सुटका होते. रेग्युलेटरचं पर्ज बटण (हवा सोडायचं बटण) मात्र हवा चालू नसताना पाण्यात दाबू नये. झडप उघडते आणि पाणी नळीतून फर्स्ट स्टेजपर्यंत, म्हणजे रेग्युलेटरच्या टाकीला जोडायच्या भागापर्यंत पोचतं. फर्स्ट स्टेजचं टोपण आधी घट्ट बसवायचं, हे ओघाने आलंच.

‘क्षार ओढून काढणारी’ खास द्रावणंही विकली जातात. साधं मीठ विरघळवायला पाणी पुरतं, आणि विसरणाचे नियम कुठल्याच बाटलीला माफ नाहीत.

सामान न धुता वाळलं तर? आधी कॅल्शियम कार्बोनेट बसतं, मग जिप्सम (कॅल्शियम सल्फेट), मग मीठ. लिटरभर पाण्यात मीठ ३६० ग्रॅम विरघळतं, जिप्सम जेमतेम २ ग्रॅम. मॅग्नेशियम क्लोराइड तर हवेतला ओलावा शोषून तो थर ओलसरच ठेवतं. मग क्लोराइड आयन स्टेनलेस स्टीलवरचं क्रोमियम ऑक्साइडचं पातळ कवच भेदतात. फटीत ऑक्सिजन कमी, त्यामुळे ते कवच पुन्हा धरत नाही, आणि कपाटात ठेवलेलं सामान आतून गंजत राहतं.