कॅथलिक आयर्लंड कसं घडलं, कसं विरलं

आयर्लंडमध्ये संध्याकाळचे सहा वाजले की आरटीई या सरकारी वाहिनीवर बातम्यांच्या आधी मिनिटभर घंटा वाजते. एकूण अठरा ठोके. ही अँजेलसची घंटा, मरियामातेच्या प्रार्थनेची. रेडिओवर ती १९५० पासून आहे, टीव्हीवर १९६२ पासून. पूर्वी पडद्यावर मरियामातेची चित्रं असायची. आता हातातलं काम थांबवून क्षणभर शांत उभी राहिलेली साधी माणसं दिसतात. घंटा मात्र कुणी बंद केलेली नाही.

२०२२ च्या जनगणनेत आयर्लंडमधल्या ६९ टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हणवलं. १९६१ मध्ये हेच प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास होतं. 'कोणताही धर्म नाही' असं सांगणारे आता १४ टक्के, म्हणजे सात लाखांहून जास्त. 'पैसा आला की देव जातो' हे अशा वेळी आपल्याकडे ठेवणीतलं उत्तर असतं. आयर्लंडमध्ये पैसा नव्वदच्या दशकात आला हे खरं, पण तेवढ्यावर हा हिशेब जुळत नाही.

मुळात 'कॅथलिक आयर्लंड' वाटतं तितकं जुनं नाही. श्रद्धा जुनी आहेच, पण दर रविवारी न चुकता मिस्सा म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, घराघरांत रोझरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना, फादरचा शब्द शेवटचा, ही शिस्त एकोणिसाव्या शतकातली. १८४५ पासून बटाट्याचं पीक कुजलं आणि दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली. साधारण तितकीच देश सोडून गेली. त्यात सर्वाधिक होते भूमिहीन आणि आयरिश भाषा बोलणारे गरीब. मागे उरला तो बऱ्यापैकी जमीन राखून असलेला शेतकरी, ज्याचा एखादा मुलगा मेनूथच्या सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, जायचा. १८५० च्या थर्ल्सच्या धर्मसभेपासून आर्चबिशप पॉल कलन यांनी विस्कळीत ख्रिस्तसभेची घडी बसवली. कॅथलिकांना १८२९ पर्यंत ब्रिटिश संसदेत बसता येत नव्हतं आणि पुढे भाषाही हातची निसटत होती. 'आम्ही इंग्रज नाही' हे सांगायला मग धर्मच उरला. धर्म आणि राष्ट्र यांची गाठ पडली ती अशी.

१९२२ मध्ये स्वतंत्र झालेल्या गरीब राज्याने शाळा, रुग्णालयं, अनाथाश्रम धर्मसंस्थांच्याच हाती राहू दिले. १९३५ मध्ये संततिनियमनाच्या साधनांच्या विक्रीवर बंदी आली. सरकारचे प्रमुख डी व्हॅलेरा यांनी आणलेल्या १९३७ च्या राज्यघटनेत कॅथलिक चर्चचं 'विशेष स्थान' नोंदलं गेलं. १९७२ मध्ये सार्वमताने ते काढलं. या सत्तेचा अर्थ १९५१ मध्ये उघड झाला. आरोग्यमंत्री नोएल ब्राउन यांनी मातांना आणि सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत उपचार देणारी योजना आणली. डॉक्टर रागावले ते समजण्यासारखं होतं, पण बिशपांनीही ती कॅथलिक शिकवणीविरुद्ध ठरवली आणि सरकार गुमान मागे हटलं. ब्राउन यांनी राजीनामा दिला आणि बिशपांबरोबरचा पत्रव्यवहार वर्तमानपत्रांकडे सोपवला.

तरीही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दहातले नऊ कॅथलिक दर आठवड्याला मिस्सेला जात. सप्टेंबर १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे आले तेव्हा डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये दहा लाखांहून अधिक माणसं जमली. देशाची लोकसंख्या होती चौतीस लाखांच्या आत. दुसऱ्या दिवशी गॉलवेला तरुणांसाठी मिस्सा झाली. पोप येईपर्यंत गर्दीला गाण्या-बोलण्यात रमवायचं काम दोघांकडे होतं, बिशप एमन केसी आणि फादर मायकेल क्लिअरी. १९९२ मध्ये उघड झालं की ब्रह्मचर्य बंधनकारक असलेल्या केसी यांना एक मुलगा आहे. क्लिअरी यांच्या मृत्यूनंतर त्यांनाही मुलं असल्याचं समोर आलं.

मला विचाराल तर लोकांनी हे पचवलं असतं. माणूस घसरतो, हे पापकबुलीच्या धर्माला नवीन नाही. पचलं नाही ते पुढचं. २००९ च्या दोन सरकारी चौकशी अहवालांनी धर्मसंघांच्या निवासी संस्थांतले मुलांवरचे अत्याचार आणि डब्लिनच्या धर्मप्रांताने अत्याचारी धर्मगुरूंवर घातलेलं पांघरूण, दोन्ही नोंदवलं. अविवाहित मातांना आणि इतर मुलींना राबवून घेणाऱ्या मॅग्डलीन धुलाईघरांपैकी शेवटचं १९९६ मध्ये बंद झालं होतं. मुलं सांभाळायला दिली होती तिथेच घात झाला होता.

आणि मग पुन्हा गॉलवे. ऑक्टोबर २०१२ मध्ये बेळगावची दंतवैद्य सविता हलप्पनवार, वय ३१, सतराव्या आठवड्यात आपोआप गर्भपात होणं अटळ असल्याचं निदान झालेली, तिथल्या रुग्णालयात होती. तिने गर्भ काढून टाकायची विनंती केली. गर्भाच्या हृदयाचे ठोके सुरू असल्याने ती नाकारली गेली. आईच्या आणि गर्भाच्या जगण्याचा हक्क समान मानणारी घटनादुरुस्ती १९८३ पासून लागू होती. हा कॅथलिक देश आहे, असं एका सुईणीने तिला सांगितलं. आपण तसं म्हटल्याचं त्या सुईणीने पुढे मृत्यूच्या चौकशीत कबूलही केलं. २८ ऑक्टोबरला जंतुसंसर्गाने सविता गेली.

२०१५ मध्ये समलिंगी विवाहाला ६२ टक्के मतं मिळाली. मे २०१८ मध्ये ६६ टक्क्यांनी १९८३ ची ती घटनादुरुस्ती रद्द केली. त्याआधी सविताच्या वडिलांनी बेळगावहून आयरिश मतदारांना 'हो' म्हणायचं आवाहन केलं होतं. तेव्हा पंतप्रधान होते लिओ वराडकर, मालवण तालुक्यातल्या वराडच्या डॉक्टरांचा मुलगा, कॅथलिक म्हणून वाढलेला आणि आपण समलिंगी असल्याचं उघड सांगणारा. त्याच ऑगस्टमध्ये पोप फ्रान्सिस आले. वराडकर त्यांच्यासमोर धुलाईघरांबद्दल आणि अत्याचारांबद्दल बोलले. फिनिक्स पार्कच्या मिस्सेला मैदानाचे मोठे पट्टे रिकामे राहिले.

म्हणून सगळं संपलं असंही नाही. अजून बहुसंख्य प्राथमिक शाळा कॅथलिक व्यवस्थापनाच्या आहेत, आणि २०१८ चा कायदा येईपर्यंत प्रवेश हुकू नये म्हणून श्रद्धा नसलेले आईबापही मुलाचा बाप्तिस्मा उरकून घेत. पहिल्या कम्युनियनला, म्हणजे मुलांच्या पहिल्या प्रसादविधीला, मुलींचे पांढरे झगे शिवले जातात, बहुतेकांचा अंत्यविधी चर्चमध्येच होतो. ज्या देशाने एकेकाळी भारतात मिशनरी पाठवले, तिथल्या काही चर्चमध्ये आता भारतीय फादर मिस्सा म्हणतात, आणि समोरच्या बाकांवर रात्रपाळी संपवून आलेल्या केरळच्या नर्स बसलेल्या असतात.