भीमथडी घोडी घेतलीत, आता नर कोणता?

आमच्या पागेच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

होळीच्या आसपास आमचा फोन तापतो. प्रश्न एकच असतो. "तुमच्याकडून नेलेली घोडी माजावर आलीय. शेजारच्या गावात चौसष्ट इंची मारवाडी जातीचा नर आहे. लावून घेऊ का? शिंगरू उंच निघेल." आमचं उत्तरही दरवेळी तेच, नका लावू. पण फोनवर कारण सांगण्यात अर्धा तास जातो, आणि पुष्कळदा घोडी आदल्याच दिवशी लावून झालेली असते. म्हणून हे पत्रक छापलं.

आधी एक शब्द. भीमथडीला 'तट्टू' म्हटलं की काही जणांना वाईट वाटतं. भाडोत्री तट्टू, अडेलतट्टू, या बोलींनी तो शब्द बदनाम केला. माप मात्र तट्टाचंच आहे आणि त्यात लाजायचं काही नाही. जगभर साधारण ५८ इंचांखालच्या घोड्याला पोनी म्हणतात. भीमथडी त्याच्या बरीच आत बसते. ती उंच असती तर भीमथडी नसती.

थडी म्हणजे नदीचा काठ. भीमेच्या आणि तिला मिळणाऱ्या नद्यांच्या काठचं हे जनावर. पुणे जिल्ह्यात पूर्वी भीमथडी नावाचा तालुकाच होता. आजचा बारामती-दौंड भाग त्यात येई. बहमनी काळापासून चौल, दाभोळच्या बंदरांत अरबी आणि इराणी घोडे उतरत. त्यांचं रक्त इथल्या बुटक्या, काटक घोड्यांत मिसळत गेलं आणि सतराव्या-अठराव्या शतकांत मराठ्यांच्या पागांमधून या जातीला आकार आला. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचा आणी. शिलेदाराचा घोडा मेला की त्याचं पोटच गेलं. असा माणूस घोड्याचा रुबाब पाहत नाही. मिळेल त्या चाऱ्यावर अंग राखतो का, दगडातून खूर टिकतो का, दुसऱ्या दिवशी परत चालतो का, हे पाहतो. १७२८ साली पालखेडला पहिल्या बाजीरावांनी निजामाला कोंडलं ते जड तोफा आणि बुणगे मागे ठेवून, नुसत्या घोडदळाच्या वेगावर. त्या वेगामागे अशीच जनावरं होती.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि घोड्यांचं गिऱ्हाईकच संपलं. इंग्रजांच्या पलटणींना उंच घोडे हवे होते. ते पुढे ऑस्ट्रेलियातून जहाजं भरभरून आणले. न्यू साउथ वेल्सचे म्हणून त्यांना 'वेलर' म्हणत. भीमथडी उरली ती धनगरांच्या वाड्यावर, म्हणजे त्यांच्या फिरत्या तळावर. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन वाडा कोकणाकडे निघतो तेव्हा बिऱ्हाड घोडीच्या पाठीवर असतं. जाळ्या, भांडी, पालाचं कापड, वर पाय बांधलेली कोंबडी, कधी आदल्या रात्री जन्मलेलं कोकरू, आणि कासरा घरच्या बाईच्या हातात. पंडितांनी, पुढाऱ्यांनी ही जात राखली नाही, या बायांनी राखली. आमच्या पहिल्या तीन घोड्या वाड्यावरूनच आल्या. ओझं उतरवल्यावर त्यांच्या पाठीवर एक जखम नव्हती, हे मी हाताने चाचपून पाहिलंय.

आता मुद्द्याचं. उंच नर लावला की शिंगरू उंच निघतं, हा हिशेब अर्धाच खरा आहे. शिंगरू पोटात किती वाढणार हे आईच्या गर्भाशयावर पुष्कळ अवलंबून असतं. १९३८ साली प्रसिद्ध झालेला केंब्रिजचा एक प्रयोग आहे. तिथे अवाढव्य शायर आणि चिमुकल्या शेटलंड घोड्यांचा दोन्ही बाजूंनी संकर केला. शायर घोडीची शिंगरं जन्मताना मोठी निघाली, शेटलंड घोडीची लहानच, बाप शायर असूनही. तो फरक पुढे वाढीतही पुरता भरून निघाला नाही. तेव्हा तुमच्या भीमथडीच्या पोटी चौसष्ट इंच येणार नाहीत. येतं ते मधलंच काहीतरी. मारवाडीच्या गिऱ्हाइकाला ते बुटकं वाटतं, आणि भीमथडीच्या यादीत ते बसत नाही.

आणि चूक दुरुस्त करायला किती वेळ लागतो ते बघा. पहिल्या संकरात भीमथडीचं रक्त निम्मं राहिलं. त्या शिंगरीला तीन वर्षांची झाल्यावर भीमथडी नर लावला, अकरा महिने गाभण राहिली, की चार वर्षांनी पाऊण रक्त. आणखी चार वर्षांनी साडेसत्त्याऐंशी टक्के. तिसऱ्या फेरीनंतर चौऱ्याण्णवच्या जवळ. म्हणजे बारा वर्षं, तेही प्रत्येक वेळी शिंगरीच झाली तर. एका सकाळची हौस बारा वर्षं फेडायची. दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ अशीच कलमी शिंगरी घेऊन आले, मारवाडीसारखी कानांची टोकं आत वळून जवळजवळ टेकलेली, आणि म्हणाले, "भीमथडीचा कागद द्या." दिला नाही. ते रागावून गेले. जनावर देखणं होतं, यात वाद नाही.

कागदाबद्दलही सांगून टाकतो. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीची नोंद केली आहे. मारवाडी, काठेवाडी, स्पिती, झंस्करी, भूतिया, मणिपुरी आणि कच्छी-सिंधी यांच्यानंतरची देशातली ही आठवी जात. पण ती नोंद जातीची आहे, तुमच्या दारातल्या घोडीची नाही. आम्ही देतो तो कागद आमच्या पागेचा. त्यात आई-बाप, आजा-आजी, जन्मतारीख, दोन्ही बाजूंचे फोटो आणि अंगावरच्या भोवऱ्यांचा नकाशा असतो. भोवरा शुभ की अशुभ ते तुमचं तुम्ही बघा. आम्ही तो ओळख पटवायला काढतो, कारण माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखाच तो बदलत नाही. रंगाचंही तसंच. पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेली, मागणारे रोज येतात. आम्ही रंगावर निवड करत नाही. पाय सरळ, खूर कडक, पाठ आखूड, छाती भरलेली आणि स्वभाव थंड, एवढं जमलं की रंग कोणताही चालतो.

आमच्यावर आरोप आहे की आम्ही नर विकत नाही आणि स्वतःचेच नर लावायला लावतो. अर्धं खरं. देशात २०१२ च्या पशुगणनेत घोडे-तट्टे सव्वासहा लाख होती, २०१९ ला ३ लाख ४२ हजार. त्यात भीमथडी मूठभर. एवढ्या लहान गोतावळ्यात बाप-लेकीचा संबंध सहज होऊन जातो, आणि अशा शिंगरात सगोत्राचं, म्हणजे नात्यातल्या संकराचं, प्रमाण थेट २५ टक्क्यांवर जातं. म्हणून आम्ही वेगवेगळ्या वाड्यांवरच्या रक्ताचे चार नर ठेवलेत आणि कोणत्या घोडीला कोणता, हे वहीत बघून ठरवतो. दुसऱ्या कुणाकडे खात्रीचा भीमथडी नर असेल तर खुशाल लावा, फक्त त्याच्या आई-बापाची माहिती आम्हाला कळवा. आमच्याकडून नेलेल्या घोडीला पहिल्या वेळी आमचा नर विनामूल्य आहे.

उंची मोजायचीच असेल तर मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यावर मोजा. जमीन सपाट आणि टणक, मान सरळ, हातात काठी. शिंप्याची टेप खांद्याच्या गोलाईवरून नेली की दोन-तीन इंच फुकट वाढतात. बाजारात असेच वाढवतात. आणि अडीचशे किलोच्या जनावरावर खोगिरासकट पन्नास किलोच्या वर बसवू नका. वरातीसाठी घोडी हवी असेल तर आमच्याकडे येऊ नका, दुसरी जात बघा. मुलांना शिकवायला, डोंगरात ओझ्याला, रानात फेरी मारायला मात्र हिच्यासारखी नाही.

घोडी आणायची असेल तर माज दिसला त्याच दिवशी फोन करा. माज पाच-सात दिवस टिकतो आणि बीज सुटतं ते शेवटच्या एक-दोन दिवसांत, त्यामुळे घाई नसते, पण चौथ्या दिवशी फोन आला तर गाडी पोचेपर्यंत हुकतं. मग पुढचे तीन आठवडे थांबायचं. मागच्या पायांचे नाल काढून आणा. आमचा एक नर गेल्या वर्षी लाथ खाऊन दीड महिना बसून होता.