इंजिन मागे, पण किती मागे? मिड-इंजिन आणि रिअर-इंजिन गाड्यांमधला फरक

जुन्या स्पोर्ट्स कारच्या गप्पा निघाल्या की एक सल्ला हमखास ऐकू येतो: "इंजिन मागे आहे ना, मग जपून. वळणात रेस सोडलीस की शेपूट फिरलीच म्हणून समज." हा सल्ला पोर्शे ९११ घेणाऱ्याला मिळतो, टोयोटा एमआर२ घेणाऱ्यालाही मिळतो आणि दोन्हीकडे तो खराच आहे. घोळ तिथूनच सुरू होतो. सल्ला एक, म्हणजे गाड्याही एकाच जातीच्या, असं वाटायला लागतं. पण ९११ आहे रिअर-इंजिन आणि एमआर२ मिड-इंजिन. शेपूट दोघींचीही सुटते. सुटण्याआधी गाडी काय सांगते आणि सुटल्यावर तुमच्या हातात किती वेळ उरतो, यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकीवर हात बसलेला माणूस दुसरीत बसून त्याच भरवशावर वळण घेतो, तेव्हा तो फसतो.

फरक ठरतो मागच्या ॲक्सलवरून, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या आसावरून. इंजिन ॲक्सलच्या पलीकडे, बंपरच्या बाजूला असेल तर गाडी रिअर-इंजिन. ९११ मध्ये सहा सिलिंडरचं चपटं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे टांगलेलं असतं आणि गिअरबॉक्स त्याच्या पुढे. जुन्या फोक्सवॅगन बीटलची मांडणीही हीच. इंजिन दोन ॲक्सलच्या मध्ये असेल तर गाडी मिड-इंजिन. एमआर२ मध्ये ते सीटच्या पाठीला, मागच्या ॲक्सलच्या पुढ्यात आडवं बसवलंय. काटेकोर बोलायचं तर आपली मारुती ओम्नीसुद्धा मिड-इंजिनच ठरते: इंजिन पुढच्या सीटखाली, म्हणजे पुढच्या ॲक्सलच्या मागे, आणि ताकद मागच्या चाकांना. पण स्पोर्ट्स कारच्या दुनियेत मिड-इंजिन म्हटलं की इंजिन ड्रायव्हरच्या मागे आणि मागच्या ॲक्सलच्या पुढे, हेच गृहीत असतं. इथेही तोच अर्थ घेतलाय.

नुसत्या कंपनीच्या नावावरून ओळखायला जाऊ नका. पोर्शेचीच १९६९ ची ९१४ मिड-इंजिन आहे. फियाटने ८५० रिअर-इंजिन काढली आणि १९७२ मध्ये एक्स१/९ मिड-इंजिन. त्यापेक्षा मागचं झाकण उघडा. उघडल्याबरोबर इंजिनच दिसलं आणि त्याच्या मागे बंपरशिवाय काही नसेल, तर रिअर. इंजिनाच्याही मागे छोटीशी डिकी असेल, तर मिड. एमआर२, एक्स१/९ आणि ९१४ या तिघींना अशी डिकी आहे.

आता वजनकाट्यावर बघू. एमआर२ च्या दुसऱ्या पिढीचं, म्हणजे एसडब्ल्यू२० चं, साधारण ४२ टक्के वजन पुढच्या चाकांवर आणि ५८ टक्के मागच्या चाकांवर पडतं. जुन्या ९११ मध्ये हेच प्रमाण ४०-६० च्या आसपास असतं. म्हणजे काट्यावर दोघी जवळजवळ बहिणी. हा आकडा पाहून बरेच जण निष्कर्ष काढतात की वागणंही तसंच असणार. पण काटा फक्त कोणत्या चाकावर किती भार आहे तेवढंच सांगतो. तो भार गाडीच्या मध्यापासून किती लांब आहे, हे त्याला कळत नाही, आणि वळणात तर तेच कळायला हवं असतं.

खांद्यावर कावड घेऊन उभ्या माणसाचं घ्या. दोन टोकांना दोन घागरी. त्याला पटकन वळायला सांगा, कावड लवकर हलत नाही. आणि एकदा फिरायला लागली की लवकर थांबतही नाही, माणसालाच ओढून नेते. तेवढ्याच वजनाच्या घागरी त्याने छातीशी कवटाळल्या, तर तो जागच्या जागी गिरकी घेईल आणि तितक्याच सहज थांबेलही. वजन तेच, बदललं ते त्याचं मध्यापासूनचं अंतर. ९११ चं सगळ्यात जड अवयव एका टोकाला आहे. मिड-इंजिन गाडीत इंजिन, गिअरबॉक्स, माणसं, सगळं मधोमध गोळा झालेलं असतं. एसडब्ल्यू२० मध्ये तर पेट्रोलची टाकीसुद्धा दोन सीटच्या मधल्या बोगद्यात आहे, त्यामुळे टाकी भरलेली असो वा रिकामी, तोल फारसा हलत नाही. जुन्या ९११ ची टाकी नाकात असते. ती रिकामी होत गेली की आधीच हलकं नाक आणखी हलकं होतं.

मिड-इंजिनचं सारं आकर्षण या एका गुणात आहे. स्टिअरिंग जरा हलवलं की गाडी वळते. विचार करून, उसासा टाकून वळत नाही. पुढच्या चाकांवर इंजिनाचा बोजा नसल्याने स्टिअरिंग हलकं आणि बोलकं राहतं. बॉनेट खाली घेता येतं, रस्ता चाकांच्या अगदी जवळपर्यंत दिसतो. शर्यतीच्या जगाला हे पटायला जरा उशीर लागला, पण पटल्यावर परत फिरणं नव्हतं. १९५८ च्या अर्जेंटिना ग्रां प्रीमध्ये स्टर्लिंग मॉसने छोट्याशा मिड-इंजिन कूपरमधून पुढे इंजिन असलेल्या फेरारींना हरवलं. १९५९ आणि १९६० चं विश्वविजेतेपद जॅक ब्रॅबमने कूपरमधूनच जिंकलं. पुढच्या काही वर्षांत फॉर्म्युला वनमधून पुढच्या इंजिनाची गाडी नाहीशी झाली. १९६६ मध्ये लॅम्बोर्गिनी मिउरा रस्त्यावर आली आणि हे वेड श्रीमंतांच्या गॅरेजपर्यंत पोचलं. सामान्य पगारदाराच्या आवाक्यात ते आणलं एक्स१/९ ने आणि १९८४ च्या पहिल्या एमआर२ ने. माझ्या मते या दोन छोट्या गाड्यांचं श्रेय मिउरापेक्षा तसूभरही कमी नाही.

आता तीच चूक दोन्ही गाड्यांमध्ये करून बघू. उजवं वळण, तिसरा गिअर, रस्ता ओलसर. वळण मध्यावर अचानक आवळतं. माणूस दचकतो आणि रेसवरचा पाय उचलतो.

पाय उचलला की दोन गोष्टी एकदम होतात. भार पुढे सरकतो, त्यामुळे पुढच्या टायरची पकड वाढते आणि मागच्यांची घटते. शिवाय इंजिनाचा ओढा फक्त मागच्या चाकांना रोखत असतो, म्हणजे जिथे पकड कमी झाली तिथेच ब्रेक लागल्यासारखं होतं. इथपर्यंत दोन्ही गाड्या सारख्या.

९११ ने मात्र तुम्हाला वळणात शिरतानाच काहीतरी सांगितलेलं असतं. नाक हलकं असल्याने ती आधी बाहेर ढकलली जाते, स्टिअरिंग थोडं पोकळ लागतं. पाय उचलल्यावर नाक आत वळतं आणि मागचं इंजिन बाहेर निघतं, पण ते जड टोक असल्यामुळे हलायला क्षणभर घेतं. तो क्षण पाठीला जाणवतो. तेवढ्यात स्टिअरिंग उलटं देऊन रेस अलगद परत दिली, तर मागच्या चाकांवरचं तेच वजन त्यांना रस्त्यात रुतवतं आणि गाडी सावरते. तो क्षण दवडला तर मात्र कावड सुटली. मग ती फिरत जाते आणि कुणाचं ऐकत नाही. १९७५ च्या ९३० टर्बोने, म्हणजे ९११ च्याच टर्बो अवताराने, यात भर घातली: २६० अश्वशक्ती, चारच गिअर, आणि टर्बोची ताकद उशिरा येऊन एकदम धडकणारी. घाबरून पाय उचलायचा, सावरायला परत द्यायचा, आणि नेमकी वळणाच्या मध्यावर सगळी ताकद हजर. तिचं बदनाम नाव उगाच पडलेलं नाही.

मिड-इंजिन गाडी वळणात शिरताना तक्रार करत नाही. नाक चावा घेतं, गाडी सपाट राहते, वेग जास्त आहे असं वाटतच नाही. तुम्ही साधारण गाडीच्या मध्यावर बसलेले असता, त्यामुळे मागची चाकं सरकू लागल्याचं पाठीलाही उशिरा कळतं. पाय उचलला की गिरकी घेण्याचा तिचा स्वभाव तुमच्याविरुद्ध उलटतो. हात हलायच्या आत तिचा कोन बदललेला असतो. मग घाईने, भरपूर उलटं स्टिअरिंग दिलं जातं, मागच्या टायरना पुन्हा पकड मिळते आणि गाडी झपकन दुसऱ्या बाजूला झेपावते. पुष्कळदा कठडा लागतो तो या दुसऱ्या हेलकाव्यात. इथे दुरुस्ती छोटी लागते, लवकर लागते आणि तितक्याच लवकर परतही घ्यावी लागते. एक गोष्ट तिच्या बाजूने सांगायला हवी: ही वेळ येते तो वेग ९११ पेक्षा सहसा जास्त असतो. तिची मर्यादा वर आहे, फक्त त्या मर्यादेची कड अरुंद आहे.

रिअर-इंजिनला नुसतं दोष देऊन भागणार नाही. तिच्या वाईट नावाचा मोठा वाटा खरं तर जुन्या स्विंग-ॲक्सल सस्पेन्शनचा आहे, ज्यात वळणात चाक आतल्या बाजूला दुमडल्यासारखं व्हायचं. शेवरोले कॉर्व्हेअर १९६० मध्ये त्याच सस्पेन्शनसह आली आणि १९६५ च्या मॉडेलमध्ये ते बदलावं लागलं. ९११ मध्ये ते कधीच नव्हतं. आणि मागच्या चाकांवरचं ते वजन ओल्या चढावर, बर्फात, वळणातून बाहेर पडताना जे बळ देतं त्याला तोड नाही. १९६८, १९६९ आणि १९७० अशी सलग तीन वर्षं ९११ ने माँटे कार्लो रॅली जिंकली. त्याच रॅलीत १९७५ ते १९७७ ही तीन वर्षं लान्सिया स्ट्रॅटोसची: मिड-इंजिन, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जेमतेम २१८० मिलिमीटर, डोंगरातल्या पिनच्या आकाराच्या वळणांत जागच्या जागी वळणारी. डोंगर तेच, बर्फ तोच. एकीने पकडीवर जिंकलं, दुसरीने चपळाईवर. अर्थात स्ट्रॅटोस चालवणारे हातही तसेच तयार होते.

कंपन्यांना हे सगळं ठाऊक होतं. पोर्शेने सुरुवातीच्या काही ९११ मध्ये नाक जड करायला पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत ११-११ किलोची वजनं दडवली. १९६९ च्या मॉडेलपासून मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली आणि एका बॅटरीऐवजी दोन बॅटऱ्या पुढच्या टोकाला बसवल्या. टोयोटाने एसडब्ल्यू२० आणल्यावर दोनेक वर्षांतच, १९९१ च्या अखेरीस, चाकं १४ इंचांची १५ केली, गाडी जरा खाली बसवली आणि मागचे टो-लिंक, म्हणजे चाकाचा रोख धरून ठेवणारे दांडे, लांब केले, म्हणजे चाक वर-खाली होताना त्याचा रोख कमी बदलावा. काही शौकिनांना वाटतं की याने गाडीची धार गेली. मला ते पटत नाही. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत मागच्या चाकाने आपणहून दिशा बदलू नये, ही किमान अपेक्षा आहे.

हे सगळं गाडी नवी असतानाचं. आज जी एमआर२ किंवा ९११ ब्रिटन, अमेरिका, आखातातली मराठी मंडळी हौसेने घेतात, ती तीस-चाळीस वर्षांची असते, आणि वय दोघींना सारखं सोडत नाही. मागच्या सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश मऊ पडले की रेस सोडताना चाकाचा रोख हलतो. ९११ मध्ये याने मागचा भाग सैल वाटतो, निदान वाटतो तरी. मिड-इंजिन गाडीत तेवढ्या रोखबदलाला उत्तर द्यायला वेळ नसतो.

टायरचं तर विचारूच नका. या गाड्या कमी चालतात, त्यामुळे नक्षी कोरी दिसते आणि रबर दगड झालेलं असतं. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. २३१४ असेल तर तो टायर २०१४ सालच्या २३ व्या आठवड्यातला. नखाने दाबून पाहा, कडेच्या बारीक भेगा पाहा, आणि चारही टायरचे आकडे पाहा, कारण दोन नवे टायर पुढे आणि जुने मागे असतील तर ती गाडी चालवून बघायलाही घेऊ नये. २०१३ मध्ये अभिनेता पॉल वॉकर ज्या अपघातात गेला, ती पोर्शे कॅरेरा जीटी मिड-इंजिन गाडी होती. तपासात मुख्य कारण बेफाम वेग ठरलं, आणि टायर नऊ वर्षांचे असल्याचंही नोंदवलं गेलं.

सरावाला दोघींसाठी मोकळं, ओलं मैदान हवं आणि शेजारी जाणता माणूस हवा. दुसऱ्या गिअरमध्ये गोल फिरत रेस थोडी थोडी कमी करायची, एकदम सोडायची नाही. मागचा भाग कधी हलका होतो ते आधी शोधायचं, स्टिअरिंगशी खेळ नंतर. ब्रेकचं काम सरळ रस्त्यावरच संपवायचं आणि वळणात हलकी रेस धरून ठेवायची, हा नियम दोघींना लागू. पण ९११ वरून एमआर२ कडे येणाऱ्याने पहिल्या दिवशी "सुटली तर सावरू" हा हिशेब घरी ठेवून यावा.

आणि गाडी घेण्याआधी विकणाऱ्याकडे चारही चाकांच्या अलाइनमेंटचा छापील कागद मागा. पुष्कळ ठिकाणी पुढच्या दोन चाकांचंच काम करून देतात. कागदावर मागच्या टोचे, म्हणजे मागची चाकं किती आत-बाहेर रोखलेली आहेत त्याचे, आकडे नसतील, तर ते आधी मोजून घ्या, मग चावी हातात घ्या.