इंट, कॅर आणि इफ-एल्स आले कुठून?

सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवताना पहिल्याच आठवड्यात इंट (पूर्णांक), कॅर (अक्षर), फ्लोट (दशांश संख्या) हे माहितीचे प्रकार पाठ करून घेतात आणि लगेच इफ-एल्सकडे, म्हणजे ‘अट खरी तर हे, नाहीतर ते’कडे वळतात. कुणीतरी निवांत बसून हे प्रकार आखले असावेत, असं वाटतं. प्रत्यक्षात त्यातलं बरंचसं त्या त्या वेळच्या मशीननेच ठरवलंय.

१९५७ साली जॉन बॅकस यांच्या गटाने आयबीएम ७०४ या संगणकासाठी फोरट्रान ही भाषा आणली. तिच्यात व्हेरिएबलचा (किंमत साठवणाऱ्या नावाचा) प्रकार सांगायची सोयच नव्हती. नाव आय ते एन यांपैकी अक्षराने सुरू झालं की पूर्णांक, नाहीतर दशांश संख्या. इफ तर आज विचित्रच वाटेल: कंसातलं उत्तर ऋण, शून्य की धन ते बघायचं आणि तीनपैकी एका ओळीवर उडी मारायची. खरं-खोटं हा प्रकारच नाही! तो, इफ-देन-एल्ससकट, अल्गॉल ६० या भाषेत नीट बसला. पुढे १९६८ मध्ये संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी गो-टूविरुद्ध, म्हणजे दुसऱ्या ओळीवर थेट उडी मारायच्या आज्ञेविरुद्ध, गाजलेलं पत्र लिहिलं, तोवर पर्याय तयार होता.

सीची गोष्ट जास्त रंजक आहे. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांची बी ही भाषा होती. तिच्यात सब घोडे बारा टक्के: संख्या, अक्षर, पत्ता, सगळं मशीनचा एक वर्ड (मशीन एका वेळी हाताळते तेवढ्या बिटांचा गट). पीडीपी-७ या संगणकावर ते खपलं. पीडीपी-११ आलं आणि पंचाईत झाली, कारण तिथे प्रत्येक बाइटला (आठ बिटांच्या गटाला) स्वतंत्र पत्ता होता. एकेक अक्षर हाताळणं बीमध्ये कटकटीचं, आणि दशांश संख्या १६ बिटांच्या वर्डमध्ये मावणार कशी? म्हणून डेनिस रिची यांनी १९७१ पासून बीमध्ये प्रकार घालायला घेतले. त्यातून सी घडली. इंट १६ बिटांचा राहिला. टर्बो सी या जुन्या कंपायलरवर (प्रोग्रामचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) शिकलेल्यांनी ३२७६७ मध्ये एक मिळवून -३२७६८ आलेलं पाहिलंच असेल, तिथेही इंट तेवढाच होता.

बूलियन, म्हणजे खरं-खोटं हा प्रकार, मात्र रिची यांनी घेतला नाही; शून्य म्हणजे खोटं, बाकी सगळं खरं. म्हणूनच ‘इफ (एक्स = ०)’ लिहिलं तरी कंपायलर फार तर वॉर्निंग देतो: एकेरी = तुलना करत नाही, त्यामुळे एक्समध्ये शून्य भरलं जातं आणि अट कधीच खरी ठरत नाही. सी९९ या सीच्या आवृत्तीत बूल हे नाव आलं, पण वेगळी हेडर फाइल (तयार व्याख्यांची फाइल) जोडल्यावरच. थेट कीवर्ड (भाषेचा स्वतःचा शब्द) व्हायला सी२३ ही आवृत्ती उजाडावी लागली.